बारा पायऱ्यांचं औषध

पंप काही चालू होईना. रूथ सिस्टरने पेशंटच्या मनगटावरची पट्टी पुन्हा पंपासमोर धरली, औषधाच्या पिशवीवरचा कोड पुन्हा दाखवला आणि पुन्हा तोच बारीक, शिष्ट आवाज आला. पडद्यावर लाल चौकोन उमटला. चौकोनात आकडा होता एकाहत्तर आणि खाली एक ओळ : 'तीव्र अ‍ॅलर्जीची शक्यता. हे औषध देता येणार नाही.'

"काय झालं, सिस्टर?" पलंगावरून मगदूम बाईंनी विचारलं.

"काही नाही. मशीन रुसलंय."

"मागच्या आठ वेळांना नाही रुसलं ते."

रूथने पडदा पुन्हा पाहिला. मिरजेच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात केमोथेरपीचा वॉर्ड ती एकोणीस वर्षं सांभाळत होती. लाल चौकोनाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. लाल आला की पिशवी परत पाठवायची, डॉक्टरांना कळवायचं आणि पेशंटला सांगायचं की तुमच्यासाठी दुसरं औषध बघू. आजवर सदतीस वेळा तिने हे केलं होतं. पण मगदूम बाईंना या औषधाने गुण येत होता. ते हाताला लागत होतं, स्कॅनमध्ये दिसत होतं.

पद्मिनी मगदूम समडोळीच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. वय अठ्ठेचाळीस. तीन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन नावाच्या औषधाचे सहा डोस झाले आणि बाई पुन्हा फळ्यापुढे उभ्या राहिल्या. यंदा दुखण्याने परत डोकं वर काढलं. पुन्हा तेच औषध सुरू केलं. दोन डोसांत गाठी निम्म्याने आटल्या. आज नववा डोस होता.

"लाल आलाय का?" बाईंनी मान उंचावून पडद्याकडे पाहिलं. "एकाहत्तर. शंभरापैकी?"

"हो."

"म्हणजे शंभरात एकोणतीस जणांना काहीच होत नाही."

"बाई, हे वर्गातलं गणित नाही."

"मग कसलं आहे?" बाईंनी विचारलं.

शेजारी बसलेले त्यांचे यजमान, सुकुमार मगदूम, एव्हाना उठून उभे राहिले होते. सांगलीच्या हळद बाजारात ते तोलाईचं काम करत. काट्यावरच्या आकड्यापुढे वाद घालायचा नसतो, हा त्यांच्या जन्माचा धडा. "मशीन नको म्हणतंय तर नको," ते म्हणाले. "जिवाशी खेळ नको, सिस्टर. दुसरं बघा काय असंल ते."

रूथने पिशवी काढली.

*

त्या मशीनचं नाव होतं 'द्वारपाल'. ते या वॉर्डात आणा म्हणून सहा वर्षांपूर्वी अधीक्षकांच्या मागे लागलेली बाई दुसरी तिसरी कोणी नव्हती, रूथ आवळेच होती.

त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी याच वॉर्डात यासीन नदाफ म्हणून एक पेशंट होता. हातकणंगल्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. केमोथेरपीचा पहिलाच डोस, सलाइन सुरू होऊन चार मिनिटं झालेली. तो म्हणाला, "सिस्टर, कंबर भरून आली." मग म्हणाला, "गळ्यात काहीतरी अडकलंय." पाचव्या मिनिटाला त्याचं तोंड सुजलं, सहाव्याला रक्तदाब लागेना. रूथने जे जे करायचं ते सगळं केलं. नवव्या मिनिटाला यासीन गेला. ती घरी आली, चपला न काढता स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि सोळा वर्षांच्या एस्तेरला, आपल्या मुलीला, तिने सगळं सांगितलं. सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतंच.

अशी रिअ‍ॅक्शन का येते, हे तेव्हाही माहीत होतं. आपल्या अंगात, कातडीखाली, फुप्फुसांत, आतड्यांत मास्ट पेशी म्हणून एक जात असते. या पेशी म्हणजे दारूने भरलेले फटाकेच. परका शत्रू आला की त्या फुटतात, त्यांच्यातून हिस्टामिन आणि तशीच रसायनं बाहेर पडतात, आणि शरीर शत्रूला हाकलायला लागतं. चूक एवढीच होते की कधीकधी शरीर औषधालाच शत्रू समजतं. कार्बोप्लॅटिनचं तर विशेष असं की पहिल्या पाच-सहा डोसांत ते निमूट खपतं. तेवढ्यात शरीर त्याची ओळख पटवून घेतं, आणि सातव्या, आठव्या, नवव्या वेळी एका क्षणी सगळे फटाके एकदम पेटतात.

द्वारपालाने काय केलं, तर ही आतषबाजी माणसाच्या अंगात होण्याआधी बाहेर करून पाहिली. डोसच्या आधी पेशंटचं चमचाभर रक्त घ्यायचं. त्यातल्या मास्ट पेशींच्या सख्ख्या चुलत पेशी वेगळ्या काढायच्या, नखाएवढ्या काचेच्या पट्टीवरच्या बारीक घरांत बसवायच्या आणि त्यांच्यावर तेच औषध सोडायचं. किती पेशी फुटल्या ते मशीन मोजतं, देशभरातल्या लाखो पेशंटांशी ताडून पाहतं आणि चाळीस मिनिटांत एक आकडा देतं. आकडा चाळिसाच्या वर गेला की औषधाचा पंपच कुलूपबंद.

सहा वर्षांत या वॉर्डात एकही रिअ‍ॅक्शन आली नव्हती. एकही नाही. एस्तेर इंजिनिअर होऊन पुण्याला द्वारपाल बनवणाऱ्या कंपनीतच लागली, तेव्हा रूथने चर्चमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते.

*

दुसरं औषध सुरू झालं. सप्टेंबरात एक डोस, ऑक्टोबरात दुसरा. नोव्हेंबरात मगदूम बाई आल्या त्या साडीचा निऱ्यांचा भाग सैल सोडून. पोटात पाणी झालं होतं. डॉ. फिरोज मुल्लांनी ते सुईने काढलं, तपासणीचे कागद पाहिले आणि रूथला बाहेर बोलावलं.

"हे औषध लागू पडत नाहीये, सिस्टर. वाढतंय सगळं. कार्बोप्लॅटिनच पाहिजे."

"मग द्या की."

"कसं देणार? पंप उघडत नाही."

"पूर्वी आम्ही देत होतो," रूथ म्हणाली. "बारा पायऱ्यांनी."

डॉ. मुल्लांनी ते पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं मात्र कधीच नव्हतं. बत्तीस वर्षांचा हुशार, मनापासून काम करणारा माणूस; पण त्यांनी उभ्या आयुष्यात औषधाची एकही रिअ‍ॅक्शन पाहिली नव्हती. द्वारपाल आल्यानंतर शिकलेल्या कुठल्याच डॉक्टराने पाहिली नव्हती.

रूथने समजावून सांगितलं. शत्रू एकदम दारात आला की पेशी फुटतात. पण तोच अगदी थोडा थोडा, चोरपावलांनी आत आला तर? आधी शंभर पट पातळ केलेलं औषध, तेही मिनिटाला दोन-तीन थेंब. पंधरा मिनिटं थांबायचं. मग दुप्पट थेंब. पुन्हा पंधरा मिनिटं. मग दहा पट पातळ पिशवी, मग पूर्ण ताकदीची. प्रत्येक वेळी पेशींच्या अंगावरच्या, औषधाला पकडणाऱ्या थोड्याशा कड्या गुंतून पडतात, पण फुटायला लागेल एवढा धक्का एकदम बसत नाही. बारा पायऱ्या चढेपर्यंत दिवस जातो, पण डोस पुरा जातो. मात्र पेशींची ही गुंगी एक-दोन दिवसांचीच. पुढच्या डोसाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

"किती जणांना दिलंय तुम्ही असं?"

"बावीस. आठ जणांना मध्येच त्रास झाला. थांबवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. मेलं कोणी नाही." मग ती म्हणाली, "यासीनला द्यायचा प्रसंगच आला नाही. त्याचा पहिलाच डोस होता."

मग अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. अपवाद म्हणून परवानगी मागायचा एक फॉर्म होता. त्यात एक रकाना होता : 'पूर्वीच्या रिअ‍ॅक्शनचा तपशील'. रूथने लिहिलं : 'नाही.' नऊ दिवसांनी उत्तर आलं : 'पेशंटला पूर्वी रिअ‍ॅक्शन आलेली नसल्याने पायऱ्यांच्या पद्धतीची आवश्यकता सिद्ध होत नाही.'

तिने हेल्पलाइनला फोन लावला. "अहो, रिअ‍ॅक्शन येईल म्हणून तुमचं मशीनच औषध देऊ देत नाही. मग रिअ‍ॅक्शन येणार कशी?"

"बरोबर आहे मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पेशंट सुरक्षित आहेत."

"तिच्या पोटात पाणी झालंय! कसली सुरक्षित?"

"ते आमच्या विभागात येत नाही, मॅडम."

दुसरा अर्ज. या वेळी उत्तर आलं : पायऱ्यांच्या पद्धतीसाठी पंपात सोय नाही, सोय करण्याची सूचना समितीपुढे ठेवली आहे, समितीची बैठक फेब्रुवारीत आहे. तिसरा अर्ज एक सही निळ्या शाईत असल्यामुळे परत आला. ज्या दिवशी तो परत आला त्या दिवशी रूथने स्टाफरूमच्या टेबलावर कागद असा आपटला की चहाचे दोन कप कलंडले, आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच फडकं घेऊन पुसत बसली.

*

"आई, मला ते उघडता येणार नाही," एस्तेर फोनवर म्हणाली. "आणि येत असतं तरी उघडलं नसतं."

"मी चोरी करायला नाही सांगत. एक पेशंट. एक दिवस."

"एकाहत्तर आलाय तिचा. एकाहत्तर म्हणजे काय माहीत आहे तुला?"

"मला?" रूथचा आवाज चढला. "मला विचारतेस? तुझ्या मशीनच्या आधीपासून मी बघतेय."

"म्हणूनच तर! यासीनचं तूच सांगितलंस मला. स्वयंपाकघरात बसून. मी तेव्हाच ठरवलं होतं की असं पुन्हा कोणाचं होऊ द्यायचं नाही. आता तूच म्हणतेस दार उघड?"

 पोरीचं खोटं काहीच नव्हतं.

"एस्तेर, एक सांग. लाल आलेल्या लोकांचं पुढं काय होतं?"

"म्हणजे?"

"औषध नाकारल्यावर. जगतात का मरतात? किती?"

पलीकडे की-बोर्डचा खडखडाट झाला. मग एस्तेर म्हणाली, "ती माहिती आमच्याकडं येत नाही, आई. आम्ही फक्त रिअ‍ॅक्शन मोजतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत रूथने जुनं रजिस्टर काढलं आणि सदतीस नंबरांना फोन लावायला घेतलं. ते काम तीन दिवस पुरलं. सहा जणांचे फोन लागलेच नाहीत. नऊ जण बरे होते. दुसरं औषध लागू पडलं होतं. बावीस जण गेले होते. फोन उचलणाऱ्या लेकी, सुना, नवरे आधी चाचरत बोलत, आणि हॉस्पिटलातून फोन आलाय म्हटल्यावर बहुतेकांनी तिचे आभार मानले. 'तुम्ही वेळेवर थांबवलंत म्हणून, नाहीतर जागेवरच गेल्या असत्या,' असं विट्याच्या एका माणसाने सांगितलं. त्याची बायको लाल आकड्यानंतर चार महिन्यांनी घरात, अंथरुणावर गेली होती.

हे सगळे बावीस वाचले असते, असं रूथला मुळीच वाटत नव्हतं. कॅन्सर तिने जवळून पाहिला होता. पण पाच? सात? कोणाला ठाऊक! कोणी मोजलंच नव्हतं. आणि सदतीसच्या सदतीस वेळा पिशवी तिने स्वतःच्या हाताने काढली होती. तेव्हा तिला एकदाही पायऱ्या आठवल्या नव्हत्या. मशीन नाही म्हणालं आणि तिला हायसं वाटलं होतं, हे खरं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त जाळत होतं.

*

डिसेंबरात बाईंच्या पोटातलं पाणी तिसऱ्यांदा काढलं. डॉ. मुल्ला खिडकीशी उभे होते. एकाएकी वळून ते म्हणाले, "सिस्टर, पंप नको. पंप नसताना कसं द्यायचे?"

"हाताने. लहान मुलांचा ड्रिप सेट घ्यायचा, त्याचे थेंब बारीक असतात. नळीवरच्या चाकाने सोडायचे आणि घड्याळ लावून मोजायचे."

"नियमात असं आहे की द्वारपालाच्या पंपातून लाल आकड्याचं औषध देता येणार नाही. पंपाशिवाय देऊ नका असं कुठं लिहिलेलं नाही. कारण पंपाशिवाय कोणी देईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुमची नोकरी जाईल, डॉक्टर."

"तुमचीही." ते बाईंकडे वळले. "बाई, धोका खरा आहे. श्वास कोंडू शकतो. आम्ही दोघं दिवसभर हलणार नाही. तरी मी शंभर टक्के सांगू शकत नाही."

"शंभर टक्के मी पोरांनाही कधी देत नाही," बाई म्हणाल्या. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "औषध दिलं तर काय होईल त्याचा आकडा मशीननं सांगितला. नाही दिलं तर काय होईल, त्याचा आकडा किती?"

डॉ. मुल्लांनी खाली पाहिलं. "मशीन तो काढत नाही."

"तुम्ही काढा."

"तीन महिने. फार तर चार."

बाईंनी पेन मागितलं आणि सही केली. साक्षीदार म्हणून सुकुमार मगदुमांची सही हवी होती. त्यांनी हात मागे घेतला. "मी न्हाई करणार. उद्या काय झालं तर मी माझ्या हातानं लिहून दिल्यागत होईल. पद्मिनी, अगं, धडधडीत लाल दिसतंय ते!"

"मग नका करू," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण इथं बसा. जाऊ नका."

सही आया-मावशींनी केली.

तयारी करताना रूथने तातडीच्या औषधांचा ट्रे उघडला. अ‍ॅड्रेनलिनच्या जीव वाचवणाऱ्या कुप्यांची तारीख चौदा महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. सहा वर्षांत कोणाला लागल्याच नव्हत्या, तर बघणार कोण? ती स्वतः इन्चार्ज होती. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घालत ती अपघात विभागात गेली आणि नव्या कुप्या घेऊन आली.

सकाळी दहा वाजता पहिला थेंब पडला. दोन मिनिटांत पाच थेंब. रूथ स्टुलावर बसली, एक नजर थेंबाच्या नळीवर, एक मनगटावरच्या घड्याळावर. डॉ. मुल्ला रक्तदाब घेऊन कागदावर लिहीत होते. पंधरा मिनिटांनी मिनिटाला पाच थेंब. मग दहा. मग वीस. पहिली पिशवी निर्विघ्न गेली. दुसरी लागली. बाई सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तपासत होत्या. "हा बघा, सिस्टर. त्रिकोणाला चार कोन काढलेत. आणि वर 'म्हणून सिद्ध झाले' असं लिहिलंय!"

तिसरी पिशवी, दहावी पायरी. साडेबारा वाजले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तळहात साडीवर घासले.

"काय होतंय?" रूथ ताडकन उभी राहिली.

"हाताला खाज येतेय."

रूथने तोवर चाक बंद केलं होतं. बाईंचा गळा लाल झाला, मग कान. "छातीवर कोणी बसल्यासारखं..." असं म्हणता म्हणता आवाज घोगरा झाला. डॉ. मुल्ला रक्तदाबाच्या यंत्राकडे बघत उभे होते, आणि नुसतेच उभे होते.

"डॉक्टर! ऐंशीवर आलाय. अ‍ॅड्रेनलिन! मांडीत! आत्ता!"

त्यांनी सुई घेतली आणि टोचली. रूथने ऑक्सिजन लावला, पाय उंच केले, सलाइन मोकळं सोडलं. "बंद करा!" सुकुमार मगदूम ओरडत होते. "बंद करा ते! सांगितलं होतं मशीननं! माणसाचं ऐकत न्हाई, मशीनचं तरी ऐका की!" रूथला त्यांचं ऐकू येत होतं, आणि त्याच वेळी आणखी एक आवाजही ऐकू येत होता : सिस्टर, गळ्यात काहीतरी अडकलंय. तिने घड्याळावरून नजर काढली नाही. दोन मिनिटं. तीन. चार. ऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले, मग शंभर. गळ्याची लाली ओसरायला लागली. सहाव्या मिनिटाला बाईंनी मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि डोळे उघडले.

 सुकुमार मगदूम भिंतीला टेकून खाली बसले होते.

"किती राहिलंय?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बाई, आज पुरे," डॉ. मुल्ला म्हणाले. 

"मी सिस्टरांना विचारतेय."

रूथने पिशवीकडे पाहिलं. "नव्वद टक्क्यांच्या वर राहिलंय. खरा डोस आत्ता कुठं सुरू झाला होता. एक तास थांबू. मग एक पायरी खाली उतरून हळू चढवता येईल. पूर्वी आम्ही तसंच करायचो. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी पिशवी काढते, आणि कोणी तुम्हाला दोष देणार नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुकुमार मगदूम उठले आणि पलंगाजवळ आले.  मग रूथला म्हणाले, "मघाशी जसं केलासा, तसं परत करता येईल न्हवं? लागलं तर?"

"येईल."

"मग चढवा," ते म्हणाले, आणि बायकोच्या उशाशी बसले.

संध्याकाळी पावणेसहाला पिशवी रिकामी झाली.

*

चौथ्या दिवशी रूथला नोटीस आली. द्वारपालाला डावलून औषध दिल्याबद्दल चौकशी पूर्ण होईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. काम उपकरणं निर्जंतुक करण्याच्या विभागात करायचं. डॉ. मुल्लांना तंबी मिळाली. वॉर्डाला दुसरा कर्करोगतज्ज्ञ मिळत नव्हता, म्हणून तेवढ्यावर भागलं.

चौकशीत अधीक्षकांनी पत्र वाचून दाखवलं. कंपनीने कळवलं होतं : सदर घटना आमच्या यंत्राबाहेर घडल्याने तिची नोंद रिअ‍ॅक्शन म्हणून घेता येत नाही.

"आणि पेशंटला डोस पूर्ण गेला, त्याची नोंद?" रूथने विचारलं.

"तीही घेता येत नाही. कागदोपत्री त्यांना औषध दिलेलंच नाही."

"म्हणजे ती मेली असती तरी मोजली नसती, आणि जगली तरी मोजणार नाही."

"आवळे सिस्टर," अधीक्षक थकल्या आवाजात म्हणाले, "मी तुमच्या बाजूचा आहे हो. पण लिहू कुठं? रकानाच नाही."

कैच्या-चिमटे गरम वाफेच्या पेटीत लावताना तिला तेच वाक्य आठवत राही. रकानाच नाही! वाफ अंगावर येई, चष्मा धुकट होई, आणि ती तो पुसायचाही कंटाळा करी.

एस्तेरचा फोन आठ दिवसांनी आला. "ती बाई कशी आहे?" तिने विचारलं.

"पोटात पाणी भरायचं थांबलंय."

 मग एस्तेर म्हणाली, "आई, त्या दिवशीचं सगळं लिहून पाठव. कुठल्या मिनिटाला किती थेंब, कधी खाज, कधी टोचलं. सगळं. मी मीटिंगमध्ये मांडणार आहे."

"आणि ते काय म्हणतील?"

"पुढं बघू म्हणतील. पण पाठव."

रूथने चार पानं लिहून पाठवली. शेवटी लाल आकड्यानंतर गेलेल्या त्या बावीस जणांची नावं लिहिली. 

*

दहावा डोस जानेवारीत होता; पंपाशिवाय देऊ नका असा नियम अजूनही निघाला नव्हता. रूथला आत जाता येत नव्हतं. आदल्या दोन रविवारी डॉ. मुल्ला तिच्या घरी येऊन साध्या पाण्याच्या पिशवीवर थेंब मोजायला शिकले होते. तिने त्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी दहापासून वॉर्डाबाहेरच्या बाकावर, नातेवाइकांच्या रांगेत बसली. शेजारी सुकुमार मगदूम होते. दार बंद होतं. एकोणीस वर्षं त्या दाराच्या आत काढलेल्या बाईला बाहेर बसणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. आत काही वाजलं की ती अर्धवट उठे आणि पुन्हा बसे.

दोनच्या सुमाराला एक किडकिडीत बाई पायऱ्या चढून आली. जतहून दोन गाड्या बदलून आली होती. हातात लाल चौकोनाचा कागद. "आवळे सिस्टर कोण हो? सिस्टरांनी फोन केलाता त्या विट्याच्या पाव्हण्यांनी नाव सांगितलंय."

रूथ बाकावरून उठली. "मीच. पण मला आत जायची परवानगी नाही. मी काहीच करू शकत नाही."

बाईने कागद तसाच पुढे धरून ठेवला.

"बसा," शेवटी रूथ म्हणाली. "डॉक्टर बाहेर येतील तोवर बसा."

साडेपाचला दार उघडलं. डॉ. मुल्लांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते थेट रूथपुढे येऊन उभे राहिले. "अकराव्या पायरीला अंगावर गांधी उठल्या. बंद केलं, इंजेक्शन दिलं, पाऊण तास थांबलो, पुन्हा चढवलं. पूर्ण गेलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझे हात थरथरत होते, सिस्टर. पूर्ण वेळ."

"थरथरू देत," रूथ म्हणाली. "थेंब मोजलेत ना?"

"मोजले."

"मग झालं." तिने शेजारच्या बाईच्या हातातला कागद घेऊन त्यांच्या हातात दिला. "ह्या जतहून आल्यात."

डॉ. मुल्लांनी लाल चौकोन पाहिला. क्षणभर डोळे मिटले. मग भिंतीजवळचं स्टूल ओढून त्या बाईसमोर बसले. "कितवा डोस होता, मावशी?"

त्यांच्या मागून मगदूम बाई आल्या. दाराच्या चौकटीला धरून, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी. त्या जैन, दिवस मावळल्यावर न जेवणाऱ्या; त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. "अहो, दिवस मावळायला किती वेळ आहे?"

"पस्तीस मिनिटं," सुकुमार मगदूम म्हणाले.

"मग डबा काढा की! बघत काय बसलाय? मावळला म्हणजे सकाळपर्यंत उपास घडायचा."

बाकावर रुमाल पसरला गेला. भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. बाईंनी पहिला घास असा घेतला की रूथला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. जतची बाई डॉक्टरांना उत्तरं देता देता थांबली आणि या जेवणाऱ्या बाईकडे टक लावून पाहू लागली.

"तुमचापण लाल आलाता?" तिने हळूच विचारलं.

मगदूम बाईंनी तोंडातला घास गिळला आणि मान हलवली. मग भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला.

"हो. तुम्ही जेवलात का?"